अजनीच्या बकऱ्यांचं गाव

आमच्या मोहल्ल्यात कोणी नवा राहायला आला, की त्याला आधी गाव विचारतात आणि नाव नंतर. कोणी नरखेड सांगतो, कोणी उमरेड, कोणी भंडाऱ्याकडचं एखादं खेडं. मग विचारणाऱ्याचा कोणी साळा नाहीतर मावसा तिथे निघतोच आणि बोलणं सुरू होतं.

दानीबाबांपाशी ते सुरू होत नसे.

"गाव कोणतं, बाबा?"

"अजनी लोको शेड."

"ते नाही गा, मूळ गाव."

"तेच मूळ. तिथूनच सुटलो, तिथंच लागलो."

दानियल ओल्सन हे त्यांचं पूर्ण नाव. वाफेच्या इंजिनावरचे ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेले. रंगानं आमच्यासारखेच सावळे, पण डोळे घारे. अजनीत रेल्वे लाइनीच्या पलीकडे आमचं घर आणि त्यांचं घर एकमेकांना लागून आहे, मधे फक्त कमरेएवढी भिंत. माझे वडील मनोहरराव लोको शेडमध्ये फिटर होते. त्यामुळे इंजिनांच्या गोष्टी आणि भाजीच्या वाट्या त्या भिंतीवरून सारख्या इकडून तिकडे जायच्या.

दानीबाबांचे आजोबा, ओले, नॉर्वे देशातून आले होते. जहाजावर सुतार होते. कलकत्त्याला उतरले ते परत जहाजावर चढलेच नाहीत. रेल्वेचे डबे बांधण्याच्या कामाला लागून नागपूरपर्यंत आले आणि इथल्याच एका बाईशी लग्न करून राहिले. एवढं दानीबाबांना ठाऊक होतं. नॉर्वेत कुठले, हे ठाऊक नव्हतं. आजोबांना लिहिता येत नव्हतं, आणि ते वारले तेव्हा दानीबाबा आठ-नऊ वर्षांचे होते.

"पण एक गोष्ट म्हातारा सारखी म्हणे," दानीबाबा मला सांगत. "म्हणे, घरचे समजत असतील का मी समुद्रात बुडालो. कोणीतरी जाऊन त्यायले सांगलं पाहिजे. मी म्हणो, आजा, मी जातो. कुठं जाऊ? तर म्हणे, वर. बकऱ्या चरतात तिथं."

"मग?"

"मग काय? आजा मेला. मी जातो म्हणलं होतं, अन् अजून इथंच बसून राहिलो."

हे ते हसत हसत सांगत. पण दर वेळी सांगत.

बकऱ्या मात्र त्या घरात आजोबांच्या काळापासून कधी तुटल्या नव्हत्या. मी सांगतेय त्या वेळी तीन होत्या. सर्वांत पुढे धावणारी ती इंजिन, पोट सुटलेली मालगाडी, आणि कायम मागे राहणारी गार्ड. दिवसा कवडू नावाचा गुराखी साऱ्या मोहल्ल्याच्या बकऱ्या लाइनीकडच्या बाभळींत चारायला नेई. इतक्या घरांच्या बकऱ्या एकत्र, म्हणून प्रत्येक घराची आपली खूण. पलीकडच्या घरातले चंपतराव आपल्या बकऱ्यांची शिंगं हिरवी रंगवत. कोणी गळ्यात चिंधी बांधत. दानीबाबा पिल्लू आठवड्याचं झालं, की त्याच्या डाव्या कानाच्या खालच्या कडेला कात्रीनं तिकोनी खाच पाडत आणि उजव्या कानाचं टोक सरळ उडवत. त्यांच्या बायको, पंचफुलाआजी, लगेच हळद दाबून धरत. लहानपणी मी ते पाहून रडत असे. पुढे सवय झाली.

संध्याकाळी कवडू कळप घेऊन लाइन ओलांडून आला, की प्रत्येक जण आपापल्या दारातून ये-ये करी. दानीबाबा भिंतीपाशी उभे राहत, तोंडाभोवती दोन्ही हात धरत आणि हाक घालत: "कि-ड्डा, कि-ड्डा, कि-ड्डा हो-ऊऊ!" आवाज आधी पायऱ्या चढल्यासारखा वर जाई, आणि शेवटी एकदम फुटून घशातून निसटे आणि कुठेतरी फार उंचावर जाऊन थांबे. ही आजोबांची हाक. तिन्ही बकऱ्या उधळत येत, गार्डसुद्धा.

चंपतरावांना त्या हाकेची मोठी गंमत वाटे. दर वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी पिशवी घेऊन नरखेडच्या एसटीकडे निघताना ते भिंतीपाशी थांबत.

"काय गा साहेब, यंदा पोळ्याले कोणत्या गावी?"

"तू जाय बाबू. तुह्या बकऱ्या मी पाहतो."

१९७६ साली मी केमिस्ट्रीत एम.एस्सी. झाले आणि मला हिंगण्याच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत नोकरी लागली. सकाळी कंपनीची बस, दिवसभर धातूचे आणि धातुमळीचे नमुने, संध्याकाळी परत बस. त्या हिवाळ्यात कारखान्यात विजेची नवी भट्टी बसली. ती नॉर्वेहून आली होती आणि ती चालू करून द्यायला तिथला माणूसही आला होता. तोर्लीफ सांदे. हाडापेरानं लांबच लांब, उन्हानं लाल झालेला. दुसऱ्याच दिवशी कामगारांनी त्याचा तोरणेसाहेब करून टाकला, आणि त्यालाही ते नाव आवडलं.

एकदा नमुना थंड होण्याची वाट बघत आम्ही उभे होतो, तेव्हा मी त्याला दानीबाबांची गोष्ट सांगितली. मला वाटलं होतं, आडनाव सांगितलं की तो गाव सांगेल.

"ओल्सन?" तो म्हणाला. "त्याचा काही उपयोग नाही. ओल्सन म्हणजे ओले नावाच्या माणसाचा मुलगा. असे आमच्याकडे हजारो आहेत. माणूस ओळखायचा तो शेतावरून. प्रत्येक शेताला नाव असतं. घर, गोठा, कुरण सगळं मिळून एक नाव, आणि तिथे राहणाऱ्याला ते लागतं. माणसं बदलतात, शेताचं नाव बदलत नाही. तुमच्या शेजाऱ्याच्या शेताचं नाव काय?"

"तेच तर हवंय."

"मग कठीण आहे. त्यांच्याजवळ त्याचं काय आहे? एखादी वस्तू? फोटो?"

मी विचार केला. आजोबांची पेटी वाळवीनं खाल्ली होती, हत्यारं कधीच विकली गेली होती. "एक हाक आहे," मी म्हटलं. "बकऱ्यांना बोलवायची."

तो हसला. पण रविवारी आला.

पंचफुलाआजींनी झणझणीत पुडाच्या वड्या केल्या होत्या. तोरणेसाहेब एकामागून एक वडी खात होता, डोळ्यांतून पाणी काढत होता आणि आणखी मागत होता. आजी माझ्या आईच्या, म्हणजे कौशल्याबाईंच्या, कानात म्हणाल्या, "याच्या घरी याले जेवायले देत नाहीत का वं?" त्याच वेळी लाइनीकडून कवडूचा कळप आला. दानीबाबा उठले, भिंतीपाशी गेले आणि त्यांनी हाक घातली.

तोरणेसाहेबानं हातातली वडी ताटलीत ठेवली आणि तो उभा राहिला. बकऱ्या आल्या, त्याच्या पायांमधून गेल्या, तरी तो तसाच उभा.

"पुन्हा," तो म्हणाला.

"काय म्हणून राहिला हा?" दानीबाबांनी मला विचारलं.

"पुन्हा हाक घाला म्हणतो."

"बकऱ्या तर आल्या ना!"

तरी त्यांनी हाक घातली. बकऱ्यांनी त्यांच्याकडे नवलानं पाहिलं. तोरणेसाहेब खाली बसला आणि हळूहळू बोलू लागला, मी सांगत गेले. त्याची आजी अशीच हाक घालायची. अगदी अशी नाही, शेवट वेगळा. पण आवाज फोडायची ही रीत पश्चिमेकडच्या डोंगरांतली आहे. तिथे एका दरीत एक चाल, पुढच्या दरीत दुसरी. आता तिथेही म्हाताऱ्या बायकाच काय त्या अशी हाक घालतात. पुरुषाच्या तोंडून त्यानं ती कधी ऐकली नव्हती. "हे बायकांचं काम आहे," तो म्हणाला. "तुमच्या आजोबांनी आईचं ऐकून उचललं असणार."

हे मी दानीबाबांना सांगितलं. त्यांनी वाकून इंजिनची मान खाजवली. मग पंचफुलाआजींकडे वळून म्हणाले, "ऐकलं का वं? मी जनमभर बाईच्या आवाजात ओरडून राहिलो."

"मले माहीत होतं," आजी म्हणाल्या.

पुढच्या रविवारी तोरणेसाहेब टेपरेकॉर्डर घेऊन आला, हाक कॅसेटवर भरून घेतली, आणि भट्टी नीट चालू लागल्यावर आपल्या देशी गेला. वर्षभरानं भट्टीच्या तपासणीला परत येणार होता.

त्या दिवसांत मी फार उत्साहात होते. एका संध्याकाळी मी वडिलांना विचारलं, "बाबा, आपलं गाव कोणतं? आपण कधी गेलो नाही."

ते सायकलची चेन तेलात घालत होते. छप्पन्न साली दीक्षा घेतली तेव्हा ते ऐन तिशीत होते, मी दोन वर्षांची. "मले आपलं गाव माहीत आहे, देवकी," ते म्हणाले. "विहीर कुठं होती तेही माहीत आहे, अन् तिच्यापासून किती दूर उभं राहायचं तेही. म्हणून मी शोधत नाही. दानीले माहीत नाही, म्हणून त्यानं शोधावं." मग चेन कापडानं पुसून म्हणाले, "तू त्याले मदत करून राहिली, ते बरं करून राहिली. नीट कर."

नीट कर, हे मी मनावर घेतलं. आजोबांविषयी दानीबाबांना आठवत होतं ते सगळं मी लिहून काढलं. कोणत्या हातानं जेवत, कोणत्या दिवशी मेणबत्ती लावत, थंडीत काय म्हणत. हाकेतले चढउतार आलेखाच्या कागदावर काढले. हे सगळं तोरणेसाहेबाला पाठवलं. दानीबाबा वर्षभर काही विचारत नव्हते. फक्त हाक घातली, की वाट बघितल्यासारखे थोडे जास्त वेळ भिंतीपाशी उभे राहत.

अठ्ठ्याहत्तरच्या जानेवारीत तोरणेसाहेब आला तो थेट बॅग घेऊन अजनीत. सगळे अंगणात जमले. चंपतरावही भिंतीवरून पाय टाकून आत आले.

त्यानं सांगितलं ते असं. कॅसेट घेऊन तो आधी आपल्या आजीच्या बहिणीकडे गेला. ती म्हणाली, ही आमची नाही, पलीकडच्या दरीतली. तो पलीकडच्या दरीत गेला. तिथे तीन शेतं अशी होती, की जिथे अजून म्हाताऱ्या बायका हाक घालत होत्या आणि जिथला कोणी ना कोणी ओले त्या काळात समुद्रावर जाऊन परत आला नव्हता. हौगे, ब्रेक्के आणि तुन. त्यानं तिन्ही घरी दानीबाबांची हाक ऐकवली. तिन्ही घरी म्हाताऱ्या म्हणाल्या, ही आमची. "आपापसांत भांडायला लागल्या," तो म्हणाला. "म्हणून मी तिघींच्याही हाका भरून आणल्या. तुम्हीच ठरवा."

दानीबाबा म्हणाले, "मी काय ठरवू? मले तर आजाचाच आवाज आठवते. बायांच्या आवाजाचं मले काय समजते?"

तेव्हा मला ती कल्पना सुचली. "बकऱ्यांना विचारू," मी म्हटलं.

चंपतराव खो-खो हसले. "एम.एस्सी. झाली पोट्टी, अन् बकऱ्यायले विचारून राहिली!"

"हसू नका काका. बकऱ्यांना कोणाची बाजू घ्यायची नसते."

मी सगळं नीट मांडलं. दुपारची वेळ, कारण दुपारी त्यांना कधी हाक मिळत नाही. आधी पोटभर पाला घालायचा, म्हणजे भुकेनं येणार नाहीत. बकऱ्या अंगणाच्या एका टोकाला, टेपरेकॉर्डर दुसऱ्या टोकाला भिंतीआड. कोणी हलायचं नाही. दानीबाबांनी तर बकऱ्यांकडे बघायचंही नाही. कोणती हाक आधी लावायची, ते चंपतरावांनी चिठ्ठी काढून ठरवायचं.

पहिली चिठ्ठी तुनची निघाली. मी कळ दाबली. भिंतीआडून एका म्हातारीचा आवाज उठला, पायऱ्या चढला आणि फुटला. अजनीच्या दुपारी तो ऐकून माझ्या अंगावर काटा आला. आणि बकऱ्या! इंजिननं मान वर केली, कान टवकारले आणि ती सुटली. मागून मालगाडी, मागून गार्ड.

"तुन!" चंपतराव ओरडले. "तुन गाव निघालं! दानी, पेढे आण!"

दानीबाबा उठून उभे राहिले होते. ते खिशात हात घालणार, तेवढ्यात मला बकऱ्या कुठे धावल्या ते दिसलं. टेपरेकॉर्डरकडे नव्हे. स्वयंपाकघराच्या दारात पंचफुलाआजी बाभळीच्या पाल्याची टोपली घेऊन उभ्या होत्या.

"आजी! तुम्ही काहून बाहेर आल्या?"

"हाक आली ना! हाक आली म्हणून पाला आणला."

"ती तर मशीनमधली हाक होती!"

"मले का माहीत? बारीक आवाज आला तर म्हणलं, बुढ्याचा गळा बसला."

तोरणेसाहेबाला हे समजावून सांगितल्यावर तो हसून हसून ओट्यावर बसला. "एक गोष्ट सिद्ध झाली," तो म्हणाला. "आजी त्याच दरीतल्या आहेत."

मी प्रयोग रद्द केला. दानीबाबा कुरकुरले, "चांगलं तुन निघालं होतं, अन् ही पोट्टी रद्द करून राहिली." पण आजींना टोपलीसकट आमच्या घरात नेऊन बसवलं, आणि वडील दारात उभे राहिले.

या वेळी मी आधी दुसरंच काही लावलं. तोरणेसाहेबाला त्याच्या भाषेत, तेवढ्याच मोठ्या आवाजात, भट्टी साफ करण्याच्या सूचना टेपवर वाचायला लावलं होतं. बकऱ्या ऐकत रवंथ करत राहिल्या. ठीक. म्हणजे नुसत्या मशीनच्या आवाजानं त्या येत नाहीत. मग हौगे लावलं. तिन्ही उठल्या आणि भिंतीकडे धावल्या. त्यांना परत जागेवर आणून शांत होऊ दिलं आणि ब्रेक्के लावलं. धावल्या. तुन लावलं. धावल्या, आणि इंजिननं भिंतीवर चढून टेपरेकॉर्डरचा पट्टा तोंडात धरला.

समुद्रापलीकडच्या डोंगरातल्या तीन म्हाताऱ्या, आणि त्यांच्या हाकेला आमच्या मोहल्ल्यातल्या बकऱ्या धावत येत होत्या. लोक टाळ्या वाजवायला लागले. कवडू भिंतीवर बसून शिट्ट्या घालत होता. मला मात्र मान्य करावं लागलं की दरी खरी, शेत अजून नाही.

"अरे, मग तिन्ही आपलीच!" चंपतराव म्हणाले. "आमच्याजवळ एक गाव, तुह्याजवळ तीन! दानी, तू तर मालगुजार निघाला!"

दानीबाबा हसले, पण लगेच थांबले. त्यांनी इंजिनला खाली उतरवलं आणि तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "तसं नाही गा, चंपत. मले गाव मिरवायचं नाही. मले सांगायचं आहे. तिन्ही घरचा पोरगा समुद्रावर गेला अन् आला नाही म्हणते हा. त्यातला एक माहा आजा. बाकी दोन तर खरंच बुडाले असतील. त्यायच्या घरी जाऊन मी कसं सांगू का तुमचा माणूस जगला म्हणून? सांगलं तर बरोबर दारातच सांगलं पाहिजे."

मी त्यांचं म्हणणं तोरणेसाहेबाला सांगितलं. तो मान हलवत राहिला.

"तो म्हातारा होईपर्यंत जगला का, असं ब्रेक्केच्या म्हातारीनं मला विचारलं होतं," तो म्हणाला. "मी म्हटलं, हो, नातवंडं पाहिली. ती कॉफी करायला आत गेली आणि बराच वेळ बाहेर आलीच नाही. पण हा पुरावा नाही."

"नाही," मी म्हटलं. मला फार वाईट वाटलं.

काहीतरी बोलायचं म्हणून त्यानं बॅगेतून फोटो काढले. भेट म्हणून आणले होते, तिन्ही शेतांचे रंगीत फोटो. लाकडी घरं, गवताची छपरं, मागे उभे कडे, आणि प्रत्येक दारात एक म्हातारी आपल्या बकऱ्या घेऊन उभी. फोटो हातोहात फिरले. माझी आई डोंगर पाहत होती, चंपतराव छपरावरचं गवत. "छपरावर चारा! म्हणजे बकरी वर चढली का छप्पर गेलं!"

दानीबाबांनी चष्मा लावला आणि एक एक फोटो डोळ्यांजवळ धरून पाहिला. एका फोटोपाशी ते थांबले. तो फोटो घेऊन ते उठले आणि गार्डपाशी जाऊन उकिडवे बसले. तिचा डावा कान त्यांनी बोटात धरला. मग फोटो पाहिला. मग उजवा कान धरला.

"देवकी," ते म्हणाले. "इकडे ये वं. माह्या डोळ्याचा भरवसा नाही."

मी गेले. फोटोतल्या पांढऱ्या बकरीच्या डाव्या कानाच्या खालच्या कडेला तिकोनी खाच होती. उजव्या कानाला टोक नव्हतं, सरळ कापलेलं. तिच्या मागच्या बकरीचंही तसंच. मी बाकीचे दोन फोटो ओढून घेतले. एकात कानाला गोल भोक होतं. दुसऱ्यात खाच वरच्या कडेला होती आणि उजवा कान अख्खा.

"बाबा, हे कान तुम्ही असे का कापता?"

"का म्हणजे? बाप कापे म्हणून. बापाले आज्यानं दाखवलं. कवडूच्या कळपात आपली ओळखू येते."

तोरणेसाहेबानं फोटो पाहिला, गार्डचे कान पाहिले आणि कपाळावर हात मारला. उन्हाळ्यात साऱ्या दरीच्या बकऱ्या डोंगरावरच्या कुरणांत एकत्र चरतात, त्यानं सांगितलं. शेताची खूण कानावर असते. शेत एकाकडून दुसऱ्याकडे गेलं तरी खूण तीच राहते, आणि शेजाऱ्यानं ती कापायची नसते. हे त्यालाही लहानपणापासून माहीत होतं. पण अजनीत येऊन तो बकऱ्यांचा आवाज ऐकत होता, कान पाहत नव्हता. आणि मी? माझ्या टिपणांत मेणबत्ती होती, थंडी होती, हाकेचा आलेख होता. कानांचा शब्द नव्हता. रोज दिसणाऱ्या गोष्टीची मी नोंदच केली नव्हती. चंपतरावांची हिरवी शिंगं तशी दानीबाबांची खाच, एवढंच मला वाटत आलं होतं.

"कोणता फोटो होय हा?" माझ्या वडिलांनी विचारलं.

तोरणेसाहेबानं फोटो उलटून मागचं वाचलं. "ब्रेक्के."

"ब्रेक्के," दानीबाबा म्हणाले. मग पुन्हा एकदा, चव घेतल्यासारखं, "ब्रेक्के. म्हणजे काय होते?"

"चढाव. डोंगराचा चढाव."

"वर," दानीबाबा म्हणाले. "आजा म्हणे, वर. बकऱ्या चरतात तिथं." आणि त्यांनी गार्डच्या मानेत तोंड लपवलं. पंचफुलाआजी आमच्या घरातून टोपली टाकून आल्या आणि त्यांच्या पाठीवर जोरात थाप मारून म्हणाल्या, "उठ गा बुढ्या, रडतं काय? गाव भेटलं का रडतेत?" पण त्यांचाही पदर डोळ्यांना होता.

चंपतराव स्वतः सायकलवर जाऊन पेढे घेऊन आले. पहिला पेढा त्यांनी दानीबाबांच्या तोंडात घातला. "मग काय गा साहेब, कोणता तालुका म्हणावं?"

"भल्ला दूर आहे," दानीबाबा म्हणाले. "एसटी नाही जात."

"पोळा भरते का तिथं?"

"बैल नाही दिसून राहिले फोटोत. बकऱ्यायचा भरत असंल."

मग सांगायचं काम उरलं होतं. तोरणेसाहेब पंधरवड्यानं परत जाणार होता आणि जाऊन आधी ब्रेक्केला जाईन म्हणाला. त्यानं नवी कॅसेट घातली. दानीबाबा आत गेले, तोंड धुऊन, केस विंचरून, ड्रायव्हर असतानाचा काळा कोट चढवून बाहेर आले. कोणी म्हणालं नाही की कॅसेटमध्ये कोट दिसत नाही. ते खुर्चीवर ताठ बसले. मी कळ दाबली.

"रामराम," ते म्हणाले. "मी दानियल. तुमच्या ओलेचा नातू. नागपूरहून बोलून राहिलो. मी काय म्हणतो ते हा साहेब तुम्हाले समजावून सांगंल." ते थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. "तुमचा माणूस बुडाला नाही, बाई. आमच्याइथं आला. सुतारकी केली, लग्न केलं, पोरं झाली. भल्ला म्हातारा झाला. तोंडात एक दात नव्हता, तरी संत्रं सोडत नव्हता. तुमची याद करे. मले म्हणे, जाऊन सांग. मी म्हणलं, जातो. जायले जमलं नाही, उशीर झाला, पण सांगलं. आता माफ करजा. अन् त्याची हाक अजून चालू आहे. ऐका."

ते उठले, सवयीनं भिंतीपाशी गेले, तोंडाभोवती हात धरले आणि हाक घातली. मी इतकी वर्षं ती हाक ऐकत होते, पण अशी मोकळी कधी ऐकली नव्हती. बकऱ्या दिवसभरात इतक्यांदा धावून थकल्या होत्या, तरी आल्या, आणि इंजिननं टेपरेकॉर्डरला नाक लावून एक लांब बें केलं.

"तेही राहू दे," दानीबाबा म्हणाले. "तिचंही गाव होय ते."

पंचफुलाआजी मधेच वाकून टेपरेकॉर्डरमध्ये ओरडल्या, "संत्र्याच्या दिवसांत या! थंडीत या! सारे या!"

मी कळ बंद केली. वडील माझ्याजवळ उभे होते. म्हणाले, "बरोबर भरली का, पाहून घे. एकदाच जाणार आहे ती."

बरोबर होतं ते. मी कॅसेट मागे फिरवली आणि पहिल्यापासून लावली. रामराम आलं, दात आले, संत्रं आलं. मग दानीबाबांची हाक आली, आणि नुकत्याच अंगणाच्या टोकाला जाऊन बसलेल्या तिन्ही बकऱ्या पुन्हा उठून धावत आल्या, गार्डसुद्धा.

"बंद कर वं ते!" पंचफुलाआजी हसत हसत ओरडल्या. "एका दिवसात इतका पाला मी कोठून आणू?"